मोठ्यांची उंची कोण मोजतो?

मी एक जुनी दांडी आहे, मित्रांनो. मारायची नव्हे, मोजायची. दवाखान्यातल्या उभ्या वजनकाट्याच्या खांबात उंची मोजायची एक पट्टी मिटून ठेवलेली असते, तीच मी. वर ओढले की मी सरसर उभी राहते. माझे आडवे पाते डोक्यावर टेकवले की माणसाची उंची कळते. काम झाले की पुन्हा खांबात. स्वतःहून वर येणे मात्र माझ्या नशिबी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला कापले, घासले आणि माझ्या अंगावर एकेक रेघ कोरली. तपासनिसाने मला उजेडात धरले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "सरळ आहे बरं का पोरगी!" त्या शब्दांवर मी बरीच वर्षे काढली. मग मला एका वजनकाट्याला जोडले. काटा तसा बरा आहे, पण थोडा मिजासखोर. आमचा संसार एकाच पायावर चालतो, त्यामुळे भांडूनही जाणार कुठे?

सुरुवातीला आम्ही मुलांच्या विभागात होतो. तिथे माझा काय थाट होता! मुले टाचा उचलून उंच व्हायला बघायची आणि आया ओरडायच्या, "टाचा खाली ठेव, लबाड!" कुणी बोटभर वाढले तरी घरच्यांना आनंद व्हायचा. पुढे त्या विभागात आकडे लुकलुकणारा नवा काटा आला आणि आमची पाठवणी डायलिसिसच्या दालनात झाली.

तिथे किडन्या निकामी झालेली माणसे येतात. त्यांचे रक्त यंत्रातून स्वच्छ करून परत अंगात सोडतात. अंगात साठलेले पाणी किती काढायचे हे ठरवायला येताना वजन, जाताना वजन. काट्याची चंगळ झाली! मला मात्र कुणी विचारीना. पहिल्या दिवशी सिस्टर विचारायच्या, "उंची?" माणूस आठवेल ती सांगायचा आणि पुढची सगळी वर्षे तोच आकडा या कागदावरून त्या कागदावर जायचा. मोठ्या माणसाची उंची काय बदलते थोडीच? मित्रांनो, इथेच तर घोडे पेंड खाते.

आमच्याकडे एक ड्रिलच्या बाई यायच्या. शाळेत कवायत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या दारातून आत आल्या की खुर्चीत लवंडलेले वॉर्डबॉयसुद्धा सरसावून बसायचे. काट्यावर चढल्या की पाठ खांबाकडे, हनुवटी वर, नजर समोर. माझे मिटलेले टोक बरोबर त्यांच्या मानेच्या खळगीशी यायचे. त्यांच्यासोबत धाकटी बहीण असायची. ती तोंडाची मोठी फटकळ, पण ताईची पिशवी कधी दुसऱ्याच्या हाती देत नसे.

काही वर्षांनी बाईंची पाठ दुखू लागली. "या खुर्च्याच मेल्या वाकड्या आहेत," त्या म्हणायच्या. मग एके दिवशी त्या काट्यावरून उतरायला गेल्या आणि त्यांचा अंबाडा माझ्या टोकात अडकला.

धाकटी केस सोडवत हसली. "ताई, अंबाडा हल्ली खाली बांधतेस की काय?"

"नाही गं. होता तिथेच आहे."

"मग तूच खाली आलीस! बघ, माझ्या खांद्याला खांदा लागला तुझा. लहानपणी टपल्या मारायचीस ना? आता माझी पाळी."

सिस्टर हसल्या, बाईही हसल्या. मला मात्र खरे कळले होते. अंबाडा खाली आला नव्हता, बाई खाली आल्या होत्या! मला ओरडून सांगायचे होते, पण मला तोंड कुठे आहे? काटा आपला आकडा दाखवून मोकळा झाला.

डॉक्टरसाहेब मनाने चांगले होते, पण त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पाठदुखी ऐकून त्यांनी हाडांची घनता तपासणारा फोटो काढवला. "हाडं विरळ झालीत. या वयात होतंच," ते म्हणाले आणि त्यांनी कॅल्शियमच्या आणि हाडांची झीज थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. कुणाच्याही आईला दिल्या असत्या त्याच. बाई शिस्तीच्या. त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. तरी दुखणे वाढतच गेले आणि अंबाडा दर खेपेला अडकू लागला. रोज मरे त्याला कोण रडे, तशी सगळ्यांना त्याचीही सवय झाली. माझी अवस्था म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग दालनात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी धाकटीला अंबाडा सोडवताना पाहिले.

"बाई, तुमची उंची किती?"

सिस्टरांनी कागदावरचा आकडा वाचून दाखवला.

"ही मोजलीय कधी?"

सिस्टर कागद उलटसुलट करून पाहू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी माझे टोक धरून मला वर ओढले. इतक्या वर्षांनी उठताना मी केवढी करकरले! माझे पाते बाईंच्या डोक्यावर टेकले. मला वाटले होते, हा दिवस आला की मी आनंदाने वेडी होईन. पण बाई चांगल्या चार बोटे कमी भरल्या. आपण चुकीचे मोजत आहोत की काय, असे मला जन्मात पहिल्यांदा वाटले.

एक्स-रे काढला, तेव्हा पाठीचे मणके दबून चपटे झालेले दिसले. डॉक्टरीणबाई दोघी बहिणींना माझ्याशेजारीच बसवून समजावू लागल्या.

"हाड म्हणजे दगड नव्हे. शरीर रोज थोडं जुनं हाड खरवडतं आणि तिथे नवं भरतं, घराची डागडुजी करतो ना, तसं. किडनी बिघडली की हे गणित चुकतं. कुणाची खरवड फार होते, तर कुणाचं काम पार थंडावतं, हाड झोपीच जातं. दोन्हीत दुखतं, दोन्हीत मोडतं."

"मग माझं कुठलं?" बाईंनी विचारले.

"तेच कळत नाही. हाड किती आहे हे फोटोत दिसतं, ते जागं आहे की झोपलंय हे दिसत नाही. रक्ताचा अहवालही अधलामधला आलाय. आणि औषधं एकमेकांच्या उलट आहेत. खरवड थांबवायची गोळी झोपलेल्या हाडाला दिली, तर ते आणखीच झोपणार."

धाकटीचा चेहरा उतरला. "आणि आपण देतोय ती?"

"ती आजपासून बंद. कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. त्याआधी काही दिवस एक औषध घ्यायचं. नवं हाड बनत असेल तर त्यात त्याच्या रेघा उमटतात."

"घ्या काढून," बाई म्हणाल्या. "मुलांना मी सांगायचे, चूक कळल्याशिवाय कवायत सुधारत नाही."

त्यांनी ते औषध घेतले. तुकडा काढायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या खेपेला डायलिसिस आटोपून बाई काट्यावर चढल्या. वजन झाले. उतरताना त्यांनी पाय खाली टेकवला. त्या घसरल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. फक्त पाय टेकवला आणि आत काहीतरी कट् करून मोडले. तो आवाज खांबातून माझ्यापर्यंत आला. बाई माझ्याकडे हात टाकत खाली बसल्या. त्यांच्या हाताला मी लागले, पण मी तर खांबात मिटलेली! आधार द्यायला माझ्याजवळ होते काय?

"ताई! ताई गं!" धाकटी किंचाळली. नेहमी खोड्या काढणारी ती, पिशवी टाकून ताईला धरायला धावली.

मोडलेल्या खुब्याचे ऑपरेशन करताना डॉक्टरांनी तो तुकडाही काढून घेतला. अहवाल बऱ्याच दिवसांनी आला. हाडात रेघा जवळजवळ उमटल्याच नव्हत्या. बाईंचे हाड झोपले होते. ज्या गोळ्या त्यांनी शिस्तीने घेतल्या, त्यांनीच त्याला आणखी थोपटून निजवले होते. आता ते जागे व्हावे म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या कमी केल्या आहेत, डायलिसिसच्या यंत्रातले पाणीही कमी कॅल्शियमचे घेतले आहे. हाड जागे होईल का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. हे जाणार की नाही, तेही ठाऊक नाही.

बाई आता चाकांच्या खुर्चीत येतात. त्यांना खुर्चीसकट पलीकडच्या सपाट काट्यावर तोलतात. बसलेल्या माणसाची उंची मला मोजता येत नाही. त्या माझ्यासमोरून जातात आणि मी नुसती बघत राहते.

त्यानंतर प्रत्येकाची उंची मोजायचा नियम निघाला. बैल गेला आणि झोपा केला! काही दिवस मी खूप राबले. पुढे डॉक्टरीणबाईंची बदली झाली, गर्दी वाढली आणि नियम मागे पडला.

म्हणून, मित्रांनो, तुम्हालाच सांगते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तुमच्या उंचीच्या खुणा करतात ना? तिथे एकदा आजीला उभे करा, आजोबांना उभे करा. पुढच्या वर्षी पुन्हा करा. खूण खाली सरकली तर हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि घरात कुणाची किडनी आजारी असेल तर ते आधी सांगा. फार उशीर होण्याआधी.

आत्ताच एक नवे काका काट्यावर चढले आहेत. पाठीला हात लावून उभे आहेत. सिस्टर विचारतात, "काका, उंची?"

"लिहा हो, लग्नाच्या वेळी होती तीच!" काका हसतात. सिस्टरांनी लिहिलीसुद्धा.

मित्रांनो, मी इथेच आहे, त्यांच्या मानेमागे. कुणीतरी मला वर ओढा ना.