समासातला आकडा

मी काडतुसांचं पुस्तक बोलतोय. गोष्टीबिष्टी माझ्यात नाहीत. झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत घरच्या घरी पुन्हा दारू भरायची, तर कुठल्या गोळीला किती, एवढंच माझ्यात छापलंय. नुसते आकडे. पण अमेरिकेत, मोन्टानातल्या आमच्या गावात हिवाळाभर एल्कचं, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाचं, मांस खायचं, तर माझ्यावाचून अडायचं.

डेल्बर्टच्या बंदुकांच्या दुकानात फळीवर होतो. एक दिवस वेन्डेल त्वेइट आला. चार पुस्तकं चाळली. बाकीची चकचकीत, मी मळकट. तो म्हणाला, "हे उघडलं की उघडंच राहतं. काम करताना माझे दोन्ही हात अडकलेले असतात." झालं, घेतलं मला. असली अक्कल लावून माणसं पुस्तक निवडतात.

पस्तीस वर्षं त्याच्या तळघरात बाकावर पडून होतो. अंगावर तेल, कॉफी, पितळेचा चुरा. वेन्डेल माणूस चोख. दारू दोनदा तोलायचा, काम करताना कुणाशी बोलायचा नाही. खोड एकच. पेन्सिलीनं माझ्या समासात लिहायचा. किती दारू भरायची याची माझी छापील हद्द होती, तिच्यापुढं जाऊ नका असं ठळक अक्षरात बजावलेलं. हा एकेक कण वाढवत हद्दीच्या पुढं गेला आणि तिथं आकडा लिहून ठेवला. शेजारी लिहिलं, "झकास."

त्याची बंदूक जुनी, दणकट. तिनं सोसलं. पण 'फक्त माझ्या बंदुकीत' हे शब्द गाढवानं लिहिलेच नाहीत. त्याला स्वतःला ठाऊक होतं ना! त्याच आकड्याखाली पुढं कधीतरी लिहिलं, "लोर्नाचा पहिला एल्क. रडली. मीपण."

लोर्ना त्याची लेक. तो गेल्यावर मी तिच्याकडं आलो. ती बंदुकीची दारू आणायला डेल्बर्टच्या दुकानात गेली, मला काखेत मारून.

डेल्बर्टनं मला बघून कपाळाला हात लावला. "पोरी, हे माझ्या कवळीपेक्षा जुनं आहे. नवं घे. आणि दोन पुस्तकं ताडून बघ."

"तुला पुस्तक खपवायचंय, म्हाताऱ्या."

"बरं, फुकट ने!"

"बाबांनी सगळं लिहून ठेवलंय यात. त्यांचं कधी चुकलं?"

डेल्बर्टनं दारूचा डबा तिच्यापुढं सरकवला. मला ओरडावंसं वाटलं. पण कागदाला कुठला आवाज?

तिची बंदूक नवी, हलकी. तिनं छापलेलं वाचलं, ठळक अक्षरातलंही वाचलं, आणि बापाचा आकडा घेतला. मोजमाप अगदी बापासारखं, दोनदा तोलून. चूक तोलण्यात नव्हतीच. पहिल्याच बाराला बंदूक मागून फुटली. लोर्नाचा उजवा डोळा गेला.

त्यानंतर दोन हिवाळे मी बाकावर बंद पडून होतो. आज ती खाली आली. मागोमाग डेल्बर्ट, धापा टाकत, हातात नवं पुस्तक.

"आता तरी घेशील?"

"घेते." तिनं मला उचललं. "हे चुलीत घालते."

"अगं, त्याचं अक्षर आहे त्यात."

"आकडापण त्याच्याच अक्षरात आहे, डेल्बर्ट."

तो खुर्चीवर बसला. तिनं माझं ते पान शोधलं. एका डोळ्यानं बघायचं म्हणून मान वाकडी करून कात्री चालवली. एल्कची ओळ तेवढी कापली, नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानात ठेवली. आकडा माझ्यातच राहिला.

वाचणाऱ्या, बापावर जीव होता म्हणून बापाचं पुस्तक निवडू नकोस. नवं घे, दुसऱ्याशी ताडून बघ. समासात लिहायचंच असेल तर कुणाच्या बंदुकीसाठी तेही लिही. आपल्या मागं कोण वाचणार आहे, हे आपल्याला कळत नाही.

चुलीचं लोखंडी दार वाजलं. घाल, लोर्ना. तुझ्या बापानं मला कधी ओल लागू दिली नाही. लगेच पेटेन.