डचेससाठी कापलेलं दार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खोपटी आहे. हिवाळ्यात तळं गोठलं की मला ओढत बर्फावर नेतात. मग मी माणसाला वाऱ्यापासून वाचवायचं आणि तो मासे धरत असताना गप्प उभं राहायचं. एक बाक, एक लोखंडी शेगडी आणि जमिनीत बादलीच्या तोंडाएवढं भोक. त्याच्या बरोबर खाली बर्फातलं भोक. एवढाच माझा संसार.

मला तौनो कांगसने बांधलं. गावातली शाळा पाडली तेव्हा तिचा फळा त्याने उचलून आणला आणि माझी उत्तरेची भिंत केली. त्यामुळे मी शिकलेल्या घरातली आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्याच्या बायकोने, आयलीने, मला लाल रंग दिला. म्हणाली, "बर्फात हरवलास तर शोधायला बरं पडेल." हे ती त्याला म्हणाली होती, पण मी मनाला लावून घेतलं.

मग आयली गेली. तौनो रोज माझ्यात येऊन बसायला लागला. मासा लागला तर लागला, नाही तर नाही. तो बोलायचा नाही, मीही बोलत नाही. आमचं फार छान जमायचं.

आणि मग आलं ते डुक्कर.

तौनोची मुलगी कारिन डेट्रॉइटला असते. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानदाराने तिला शपथेवर सांगितलं होतं, की हे पिल्लू जन्मभर कपात मावेल. कप कुठला ते त्याने सांगितलं नाही. वर्षभरात त्या पिल्लाने तिच्या फ्लॅटमधला सोफा आडवा केला, आणि घरमालकाने कारिनला आडवं घेतलं.

"बाबा, थोडेच दिवस. तिला घर मिळेपर्यंत," कारिन म्हणाली. "तिचं नाव डचेस आहे."

"डुक्कर आहे ते," तौनो म्हणाला. "मी डुक्करच म्हणणार."

पहिल्याच दिवशी डुकराने फ्रिज उघडून लोणी खाल्लं. दुसऱ्या दिवशी लोण्याचं भांडं. घरी ठेवलं तर घर खाईल, म्हणून तौनो त्याला तळ्यावर घेऊन आला. बर्फावर त्याचे चार पाय चार गावांना निघाले. पोटावर घसरत घसरत ते थेट माझ्या दारावर येऊन आपटलं. माझी वरची बिजागरी तेव्हापासून कुरकुरते. मित्रांनो, खरं सांगते, मलाही ते नको होतं.

शेजारच्या खोपटीचा क्लाइड ट्रेगियर हा गावातला खाटीक. तो हसून हसून बर्फावर बसला.

"तौन्या, जेवण त्याच्याच पायांनी चालवत आणलंस की!"

"पाय कुठायत त्याला? नुसतं घसरतंय."

"मला देऊन टाक. सॉसेज करतो. अर्धं तुला, अर्धं मला."

"मासेमारीच्या स्पर्धेच्या रविवारी ने," तौनो म्हणाला, आणि दोघांनी हातमोजे काढून हात मिळवले. आमच्या तळ्यावर हातमोजे काढून हात मिळवला की सौदा पक्का. त्या थंडीत उगाच कोणी हातमोजे काढत नाही.

मी म्हटलं, चला, रविवारपर्यंत कळ काढू.

पण त्या प्राण्याला काही लाजच नव्हती. त्याने गळाला लावायच्या अळ्या डबीसकट खाल्ल्या. तौनोच्या पायाशी लोळण घेतली, तर अंगाच्या उबेने खालचा बर्फ वितळला. रात्रीत तो पुन्हा गोठला आणि सकाळी मी एका बाजूला कललेली. तौनोचा कॉफीचा मग बाकावरून आपोआप निघून भोकात गेला. तो मग आयलीचा होता. मला वाटलं, आता रविवारची वाट कशाला, आजच सॉसेज.

तौनो बराच वेळ भोकात बघत बसला. मग म्हणाला, "सरक जरा."

मित्रांनो, आयली गेल्यानंतर माझ्यात उच्चारलेला तो पहिला शब्द. आणि तो डुकराला!

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वारा फिरला बघ." डुक्कर घुरघुरलं. तिसऱ्या दिवशी त्याने मोजे काढून गारठलेली पावलं त्याच्या पोटावर ठेवली आणि त्या मगाची सगळी हकीकत सांगितली. तो जत्रेत कसा घेतला, आयलीने दुकानदाराशी कशी घासाघीस केली, आणि कान तुटल्यावरही तिने तो का टाकला नाही. मी इतकी वर्षं त्याला वाऱ्यापासून वाचवते आहे, पण मला कधी सांगितलं नव्हतं हे. मला हेवा वाटला. खोपटीला वाटू नये, पण वाटला.

पुढे त्याने आयलीने विणलेले लोकरी मोजे आणले आणि घसरू नये म्हणून डुकराच्या चारही पायांत चढवले. तरी ते वाढतच होतं. एका सकाळी ते माझ्या दारात अडकलं. तौनो घरी गेला, करवत घेऊन आला, आणि ज्या हातांनी मला जोडलं त्याच हातांनी माझं दार कापून रुंद करायला लागला.

क्लाइड बघत होता. "रविवारपर्यंतचाच प्रश्न आहे ना? मग दार कशाला मोठं करतोस?"

"त्याला बाहेर काढायला सोपं पडेल."

"आत घेतलंच नाहीस तर बाहेर काढायला लागेल कशाला?"

"तेच म्हणतोय मी," तौनो म्हणाला आणि कापत राहिला. त्याला रविवार नको झाला होता. पण दिलेला हात मागे कसा घ्यायचा, ते काही त्याला सुचत नव्हतं.

रविवार उजाडला. ज्याचा मासा मोठा तो जिंकला, अशी स्पर्धा. तिकिटं विकायला आणि निकाल द्यायला हेल्मीबाई. गावातला दारूचा गुत्ता त्या चालवतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नाही.

तौनोने सकाळपासून गळ टाकलाच नाही. शेगडीवर मांस-बटाट्याची पेस्टी गरम करत नुसता बसला होता. डुकराने पेस्टीला तोंड घातलं, नाक भाजलं, किंचाळत मागे मागे गेलं आणि ढुंगणाने थेट माझ्या भोकात जाऊन बसलं. असं पक्कं बसलं की मी सगळीच्या सगळी हादरले. तेवढ्यात पुन्हा किंचाळलं, आता वेगळ्या सुरात.

सगळं तळं धावत आलं. क्लाइड त्याला न्यायलाच गाडी घेऊन आला होता. तीन माणसांनी पुढच्या पायांना दोर बांधला.

"ओढा रे!"

"हळू! लागतंय तिला!" तौनो ओरडला. तो जमिनीवर पालथा पडून तिचं तोंड दोन्ही हातांत धरून होता. "मी आहे. इथेच आहे मी. बघ माझ्याकडे."

बुच निघाल्यासारखा आवाज झाला. डचेस बाहेर आली, आणि तिच्या शेपटीला लटकून एक हातभर लांबीचा पाईक मासाही बाहेर आला.

सगळे वाकून मासा बघायला लागले.

"हा मासा स्पर्धेत धरायचा का?" एकाने विचारलं.

हेल्मीबाईंनी चष्मा पुसला. "नियम असा आहे, की ज्याच्या दोरीला मासा लागला, मासा त्याचा."

"दोरी कुठाय पण?"

"शेपूट आहे ना," क्लाइड म्हणाला. "आणि शेपूट माझी आहे. डुक्कर आजपासून माझं, हात मिळवलाय आम्ही. म्हणजे मासाही माझा. काय रे तौन्या?"

तौनो खाली बसून डचेसच्या शेपटीला आपला रुमाल बांधत होता. दोनदा गाठ सुटली.

"तुमच्या हाताला काय जाळायचंय?" हेल्मीबाई म्हणाल्या. "शेपूट तिची, मासा तिचा. पण तिने तिकीट काढलेलं नाही. म्हणजे मासा बाद."

"तिकिटं अजून मिळतात?" तौनोने खालूनच विचारलं.

"वजनं सुरू होईपर्यंत."

"मग एक दे."

"नाव?"

तौनो उठला. गुडघे झटकले. "डचेस."

"आडनाव लागतं बाबा."

सगळे त्याच्याकडे बघत होते. डचेसही बघत होती, पण पेस्टीकडे.

"कांगस," तो म्हणाला.

क्लाइडने एकदा तौनोकडे पाहिलं, मग त्या चार लोकरी मोज्यांकडे. आयलीची वीण गावात सगळ्यांना ओळखू येते. त्याने हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

"घे, तुझा हात तुला परत. आडनाव असलेल्यांचं सॉसेज मी करत नाही."

डचेसचा तिसरा नंबर आला. बक्षीस होतं क्लाइडच्याच दुकानातली धुरावलेली डुकराची तंगडी. ती हातात घेताना तौनोने दुसऱ्या हाताने डचेसचे डोळे झाकले, आणि मग गुपचूप तंगडी क्लाइडच्या गाडीत परत ठेवली.

वसंतात कारिनचा फोन आला. तिला एक शेत सापडलं होतं, डुकराला ठेवून घेणारं. "घर मिळालंय तिला," तौनो म्हणाला, आणि कारिनच्या मुलांची चौकशी करायला लागला. ते दोघं एवढा वेळ बोलले, की डचेसने दरम्यान साबण खाल्ला.

आता मी उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात असते. डचेस माझ्या भिंतीला पाठ घासते आणि माझा लाल रंग तिच्या अंगाला लागतो. तौनो दर वर्षी मला पुन्हा रंगवतो. दार रुंद झाल्यापासून माझ्यात वारा शिरतो, पण मधोमध ती झोपलेली असली की तो कोणाला लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात असंच कोणी नकोसं आलं, तर लगेच माया करा असं मी म्हणणार नाही. मलाही जमलं नव्हतं. फक्त थंडीत बाहेर ठेवू नका. आणि तुमच्याकडे एखादी जुनी खोपटी असेल, तर तिच्या बिजागरीला तेवढं तेल घाला. पाहुणे किती वजनाचे येतील, काही सांगता येत नाही.