घरची डॉक्टर

“मंग आता सुई टोचणं बंद का, संजूताई?” जीप सुलतानपूरकडे वळवत दयारामने विचारलं.

“बंद काऊन? आता पोरीयले शिकवीन.”

संजीवनी लोणारच्या दवाखान्यात सिस्टर. रात्रपाळ्या सांभाळून तिने नर्सिंगमध्ये पीएच.डी. केली, तेव्हा “कशाले नसती उठाठेव?” म्हणून नाकं मुरडणारेच आता पेढे मागत होते. नर्सिंग कॉलेजात प्राध्यापिकेची जागा मिळाली होती ना! पहिला पेढा मात्र मायलाच द्यायचा, असं तिने ठरवलं होतं.

घरासमोर तिचा भाऊ गोकुळ डोक्याला हात लावून बसला होता. “सकाळपासून मायच्या छातीत दुखून राह्यलं. एकशेआठची गाडी बोलावतो म्हटलं, तर फोनले हात लावू देईना.”

आत गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगावर नवं लुगडं आणि चेहरा घामाने डबडबलेला. तरी लेकीला पाहून ती हसली.

“माय, दवाखान्यात काऊन नाही गेली वं?”

“काखेत कयसा अन् गावाले वयसा? घरची डॉक्टर येऊन राह्यली, मंग दुसऱ्याले काऊन दाखवू? तपास मले.”

संजीवनीची बोटं मायच्या मनगटावर गेली. परवा फोनवर माय सारखी विचारत होती, “मंजे डॉक्टरच ना?” ही पदवी वेगळी, ही शिकवण्याची, हे सांगून सांगून ती थकली आणि शेवटी हसत म्हणाली होती, “हाव माय, डॉक्टरच.”

पर्समधली ॲस्पिरिनची गोळी तिने मायला चावायला लावली. गोकुळने मायला उचलून जीपमध्ये निजवलं आणि दयारामने जीप पिटाळली. लेकीच्या मांडीवर माय अगदी निर्धास्त पडली होती.

“आता काय भेव नाही,” ती पुटपुटली. थोड्या वेळाने संजीवनीच्या बोटांखालची नाडी हरवली. लोणार येईपर्यंत ती मायची छाती दाबत राहिली, हात भरून आले तरी थांबली नाही.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मान हलवली. “उशीर झाला, सिस्टर.”

मायला घेऊन ते परतले तेव्हा दारात गाव जमलं होतं. शेजारच्या मंजुळाबाईंनी डोळे पुसले आणि बायांना दरडावलं, “सरका वं, डॉक्टरले जागा द्या.”

मी डॉक्टर नाही, हे संजीवनीच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. ती मायजवळ बसली आणि तिने ते थंड मनगट हातात घेतलं.

तशी रडणारी माणसं गप्प झाली. तिचं तपासून होण्याची वाट पाहत उभी राहिली.