फिलूचा राखणदार

आधी घंट्या ऐकू यायच्या, आणि सगळ्यांत शेवटी कडकड. कार्तिकातलं पिवळं पडत चाललेलं गवत, त्यातून डोकं वर काढणारा काळा कातळ, पलीकडे खाडीच्या पाण्यावर सांडलेलं सकाळचं कोवळं ऊन, आणि या निश्चल, आत्ममग्न दृश्यामधून सड्याच्या, त्या कातळी पठाराच्या, उतारावरून घरंगळत येणारा मुलींच्या सायकलींचा तो किणकिणाट. तो शाळेच्या फाटकाशी येऊन विसावला, की क्षणभराने मागून फिलूची सायकल यायची. तिचं चेनकव्हर एका बाजूने सैल झालेलं होतं आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते चेनला घासून कडकडायचं. मी कितीदा तरी सांगितलं, अगं, चार आण्याचा स्क्रू पिळून घे. ती म्हणायची, "आसूं दे गो. आवाज इलो की समजायचा, सगळी इली." फाटकाशी उभी राहून मी तो आवाज ऐकायची आणि मगच हजेरीचं पुस्तक उघडायची.

फिलोमिना टीचर आमच्या शाळेत गणित शिकवायची, मी मराठी. सव्वीस वर्षं आम्ही एका टेबलाशी डबा खाल्ला, पण फिलू बसलेली मला आठवतच नाही. आठवते ती उभी: एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, सायकलचं हँडल किंचित वळलेलं, बोलणं अर्ध्यावर आणि नजर रस्त्यावर. शिक्षकांच्या खोलीतही ती खिडकीच्या चौकटीला टेकून उभ्यानेच वह्या तपासायची, आणि खडूने पांढरा झालेला अंगठा सतत तर्जनीवर घासत राहायची, जणू तिथे काही लिहिलेलं होतं आणि ते पुसून पुन्हा मांडायचं होतं. मी थट्टेनं विचारायची, तू बसतेस तरी कुठे? "देवळात," ती म्हणायची. रविवारच्या मिस्सेला, तेही पाद्री सांगेल तेव्हाच.

तिच्या या अस्वस्थपणाला कारण मिळालं ते सड्यावरच्या वाड्यांची एसटी बंद झाली तेव्हा. शाळेच्या वेळेला येणारी आणि शाळा सुटल्यावर परतणारी, अशी ती एकच गाडी होती. पुरेसे प्रवासी नाहीत, असं कळवण्यात आलं. मग आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि नव्या रंगाचा वास येणाऱ्या त्या सायकलींवर फिलूने शाळेच्या मैदानात एकेकीला बसवलं. "चाकाकडे बघू नुको, फुड्यात बघ," हा तिचा मंत्र होता. पन्नाशीच्या माझ्यावरही तिने तो चालवून पाहिला. मी चाकाकडेच बघत राहिले आणि शेवग्याच्या झाडावर जाऊन आदळले. मुली हसल्या, फिलू हसली नाही. ती म्हणाली, मुलींना शिकवणं सोपं आहे, रस्त्याला शिकवणं कठीण.

रस्ता म्हणजे ते वळण. सड्यावरून खाली उतरताना, काजींच्या, म्हणजे काजूच्या झाडांच्या, बागेला वळसा घालून रस्ता असा काही अंगावर येतो की वरच्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा. पूर्वी तिथून बैलगाडी जायची, मग एसटी, मग चिऱ्यांचे डंपर, आणि आता दिवाळीपासून मे संपेपर्यंत समुद्र बघायला निघालेल्या गाड्यांची रांग, जिला समुद्र पळून जाईल की काय अशी घाई. फिलू वळणाच्या पलीकडे, सड्यावर राहायची; मी स्वतः अलीकडे, शाळेला लागून राहते. ते वळण मला ठाऊक होतं ते कागदावर. कारण अर्ज मी लिहायची.

आणि काय अर्ज लिहायची मी. "विद्यार्थिनींच्या जीवितास निरंतर भय उत्पन्न करणाऱ्या सदर वक्र मार्गावर त्वरित गतिरोधक उभारण्याची कृपा व्हावी." भाषेचा हा सगळा जरतारी शालू त्या साध्या वळणाला नेसवून मी फिलूच्या हाती द्यायची आणि ती तो वाचून मान हलवायची. "शालू गो," माझं नाव घेत ती म्हणायची, "तुझा मराठी वाचून साहेब नमस्कार करतलो, पण गतिरोधक काय बांधूचो नाय." तरी सायकलवरून तालुक्याला जाऊन अर्ज द्यायची तीच. उत्तर आलं: सदर अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. फिलूने तो कागद खिडकीतल्या उजेडात धरला आणि अंगठा घासत म्हणाली, "अर्ज वर्गात बसलो गो. आता पास कधी होतलो तो?"

त्यानंतरच्या पौषातली गोष्ट. आंब्याला मोहोर आला होता, हवेत तो गोडसर, डोकं जड करणारा वास भरून राहिला होता. घंट्या आल्या, पण विस्कटलेल्या, एकामागून एक न येता मध्येच तुटून आलेल्या. मुली फाटकाशी थांबून मागे बघत होत्या. मी कडकडीची वाट पाहत राहिले. ती आली नाही. वळणावर पुढे काढणाऱ्या एका गाडीचा आरसा सायली नावाच्या मुलीच्या सायकलच्या हँडलला लागला होता, सायली गटारात पडली होती, आणि फिलू आपली सायकल तिथेच टाकून तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली होती. हात मोडला, पोर वाचली. गाडी थांबली नाही. दुपारी फिलू परतली तेव्हा तिच्या साडीला लाल माती लागलेली होती. मला त्या दिवशी माझ्या प्रत्येक अर्जाची लाज वाटली.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून ती माझ्या दाराशी आली. घराच्या गडग्याचे, दगडी कुंपणाचे, उरलेले चार चिरे तिने टेम्पोत घातले होते. वळणाच्या आतल्या अंगाला डांबर आणि काजींच्या मधे चार हात रुंदीची मातीची पट्टी आहे, ती तिने आदल्या दिवशी कुदळीने सपाट केली होती. त्या पट्टीच्या कडेने, डांबराला लागून, आम्ही ते चिरे अंतरा-अंतराने बसवले, म्हणजे मुली त्यांच्या आतून जातील आणि गाड्या बाहेरून. मग तिने चुना कालवला. बादली मी धरली, ब्रश तिने. लाल दगडावर पहिला पांढरा हात फिरला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान मी पुन्हा फारसं पाहिलं नाही. पदर कमरेला खोचलेली, उन्हात डोळे बारीक केलेली, ओठांत काहीतरी पुटपुटणारी फिलू. काय म्हणतेस, मी विचारलं. "अंतर मोजतंय," ती म्हणाली.

पंधरवडा गेला असेल. पहिल्या चिऱ्यावर कुणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं. मग उदबत्ती दिसली. मग केळीच्या पानावर नारळाची वाटी. आमच्या भागात वाटेच्या अवघड जागी राखणदार असतो, ये-जा करणाऱ्यांना सांभाळणारा, आणि त्याच्या थाऱ्यापाशी माणूस कितीही घाईत असला तरी जरा हळू होतो, हे सांगायला नकोच. वळणावर तेच झालं. चिऱ्यांचे डंपर, ज्यांना आजवर ब्रेक आहे की नाही अशी शंका यायची, ते हळू झाले, दोनदा हॉर्न देऊ लागले, चालकाचा हात कपाळाकडे जाऊ लागला. त्यांच्यामागे अडकलेल्या परगावच्या गाड्याही नाइलाजाने हळू झाल्या. दुकानाच्या पडवीत एक म्हातारा मला सांगत होता, "थंय राखणदाराचो जागो पयल्यापासून आसा. माझ्या आज्यान बघितल्यान हा." बादली मी धरली होती. मी मान डोलावली आणि साखर घेऊन घरी आले.

मला हसू येत होतं, पण फिलूची झोप उडाली. जन्मभर उत्तराखाली रेघ मारण्याआधी ताळा करायला लावणारी ती बाई, तिच्या हातून हे काय घडलं म्हणून ती जास्तच अस्वस्थ झाली. गाड्या हळू जात होत्या, हेच तर तिला हवं होतं. पण ज्यामुळे जात होत्या ते तिला मान्य नव्हतं. "दगडाक बघून गाडी हळू जाता, चेडवाक बघून जाणा नाय," मुलींकडे हात करत ती म्हणाली. "ह्यां गणित माका सुटणा नाय." एकदा संध्याकाळी ती मला घेऊन सायलीच्या आईकडे गेली, कारण पहिलं फूल तिनेच ठेवलं असं कळलं होतं. सायलीची आई काजूच्या कारखान्यात कामाला. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं ती पदराला पुसत होती. फिलूने एका दमात सगळं सांगून टाकलं: ते चिरे आपल्या गडग्याचे, चुना आपण लावला, तिथे राखणदार वगैरे काही नाही.

"माका ठावक आसा, टीचर," ती बाई शांतपणे म्हणाली. "तुमी चुनो लावी होतास, तेव्हा मिया काजीत होतंय. बघितलंय."

"मगे फूल कित्याक ठेवलंस?"

"पोरांका राखता तो राखणदार. तो खंयसून इलो, ह्यां कोण इचारता?"

परतताना फिलू सायकलवर बसली नाही. हातात सायकल धरून माझ्या पावलाने चालत राहिली. खाडीवर संध्याकाळचा तांबूस उजेड होता, आणि चालणाऱ्या सायकलचं चेनकव्हर फार हलकेच वाजत होतं. मला वाटलं, आता ही निवांत होईल. कुठली! काही महिन्यांनी कार्यालयातून माणसं आली, टेप धरून मोजमाप करून गेली, आणि मागोमाग पत्र आलं: सदर वळणावर धार्मिक स्थळ असल्याचे निदर्शनास आल्याने गतिरोधकाबाबत ग्रामस्थांची सहमती सादर करावी. आमची चूक आता सरकारी कागदावर पक्की झाली होती. फिलू हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरी सह्या मागत फिरू लागली. उंबऱ्यावर एक पाय, अंगणात एक पाय. चहा घ्या म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर: "उद्या येतंय, गाडी सुरू झाली की." एसटीचा अर्जही तिने सोडला नव्हता. गणपती आले, गेले, नाताळ आला, गेला. दरवर्षी पाऊस चिऱ्यांवरचा चुना धुऊन नेई, आणि पाऊस उघडला की फिलू ब्रश घेऊन जाई आणि त्यांना पुन्हा पांढरे करी.

गेल्या आषाढात फिलू गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवस. आडवी पडलेली फिलू मी पाहिली ती तेवढीच, आणि त्या चार दिवसांत ती मला अनोळखी वाटत होती. अंगठा मात्र शेवटपर्यंत तर्जनीवर फिरत होता. शेवटच्या दुपारी तिने डोळे उघडून विचारलं, "सगळी इली?" बाहेर पाऊस कोसळत होता, शाळेला सुट्टी दिलेली होती. मी म्हटलं, आली गं, सगळी आली. इतक्या वर्षांच्या सोबतीत मी तिच्याशी बोललेलं ते एकच खोटं. तिने त्याचा ताळा केला नाही.

पावसाळाभर मी घरातच होते. निवृत्त बाईला कारणं पुष्कळ असतात. पण आश्विन लागला, सड्यावरचं गवत फुलून उन्हात पिवळं होऊ लागलं, आणि एका सकाळी दुकानातून येताना डंपरचा आवाज कानावर पडला, उतारावर न थबकता थेट खाली आलेला. मी समजले. चुना गेला होता. लाल मातीच्या कडेला लाल चिरे, कुणाला दिसायचे? त्या रात्री मला माझे सगळे अर्ज आठवले, एकेक समास, एकेक विशेषण. उजाडताच मी कालवलेल्या चुन्याची बादली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वळणावर एकटी उभी राहिले.

गाड्या किती जवळून जातात, हे मला कळलं. वाऱ्याने पदर उडतो, पाय मागे सरतो. फिलू सव्वीस वर्षं रोज इथून गेली आणि मी सावलीत बसून "जीवितास भय" असं लिहीत राहिले. मी पहिला चिरा रंगवला, दुसरा, तिसरा. चुना बाहेर सांडत होता. चौथ्या चिऱ्याशी वाकले असताना वरून डंपर आला. तो हळू झाला. चालकाचा हात कपाळाला लागला. दगडाला की मला, की तिला, कुणास ठाऊक. घरी जाऊन मी नवा अर्ज लिहायचं ठरवलं, तो मनातल्या मनात तिथेच लिहून झाला. सड्यावरच्या मुली सकाळी शाळेत येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांना गाडी द्या. या वळणावर गतिरोधक बांधा. एवढंच.

मग घंट्या आल्या. वळणापलीकडून, काजींच्या आडून, उन्हाच्या कवडशांमधून, एकामागून एक, पांढऱ्या चिऱ्यांच्या आतून. मुलींनी मला पाहिलं, कुणी हसल्या, कुणी "टीचर" म्हणाल्या, आणि फुड्यात बघत पुढे निघून गेल्या. मी त्यांना जाताना पाहिलं. सगळी गेली. रस्ता रिकामा झाला, उदबत्तीची जुनी काडी वाऱ्याने हलली, आणि तरीही मी ब्रश हातात धरून, एक पाय मातीवर आणि एक डांबरावर ठेवून, उताराकडे तोंड करून उभीच राहिले, कारण शेवटची कडकड अजून यायची होती. माणूस गेल्याचं मनाला समजावता येतं. कानाला ते कोण सांगणार?