तळघराचे दार

"उघडायच्या नाहीत म्हणजे काय?" नेल्वा रूलोफ्सने ओले हात तसेच कमरेवर ठेवले. "एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही, नेल्वामावशी. गुरुवारी मी हे यंत्र न्यायला येईपर्यंत." लॉवेलने तळघराच्या मधोमध एका स्टुलावर जेवणाच्या डब्याएवढे पांढरे यंत्र ठेवले आणि त्याचे बटण दाबले. "दारंसुद्धा येण्याजाण्यापुरतीच."

"घर कुबट होईल."

"होऊ दे की थोडं."

"माझं घर आजवर कधी कुबट झालेलं नाही. तुझ्या आईला विचार."

लॉवेल नेल्वाच्या चुलत बहिणीचा मुलगा. गावातली निम्मी माणसे उरलेल्या निम्म्यांची नातेवाईक होती, त्यामुळे घर तपासायला कुणीही आले तरी ते घरचेच निघायचे. घर विकायला निघाले की घेणाऱ्याच्या वतीने तळघरातली हवा तपासणे हा त्याचा धंदा.

"रेडॉन म्हणतात त्याला," तो पायऱ्या चढता चढता सांगत होता. "जमिनीतून निघतो. कोब्याच्या भेगांतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही."

"वास नाही, तर आहे हे कळलं कसं?"

"म्हणून तर यंत्र. आकडा चारच्या आत आला की झालं. वर गेला तर यसेनिया आणि तिचा नवरा घर घ्यायचं की नाही ते बघतील."

नेल्वाने मान हलवली, पण तिच्या मनाला ते लागलेच. तिच्या घराची तपासणी! या गावात सगळ्यांचेच पणजोबा हॉलंडहून आलेले. आयोवाच्या काळ्या मातीत येताना त्यांनी आणले काय, तर बायबल, ट्यूलिपचे गड्डे आणि सकाळी उठून खिडक्या उघडायची सवय. त्यात नेल्वा म्हणजे सवाई डच. बाहेर बर्फ का पडत असेना, तिच्या पांघरुणांनी खिडकीतून बाहेर डोके काढलेच पाहिजे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढले आणि तिथल्या पातेल्यात तोंड पाहून मुली केस विंचरायच्या, असे लोक सांगत. नेल्वाने ते कधी नाकारले नाही.

बुधवारी सकाळी यसेनियाचा फोन आला. वडीलधाऱ्या बायकांना ती आपल्या स्पॅनिश रीतीने आदराने 'दोन्या' म्हणायची. "दोन्या नेल्वा, संध्याकाळी आईला घेऊन येऊ का? तिची खोली तळघरात करायचं म्हणतोय. तिला एकदा बघायचंय."

ये म्हणाली नेल्वा. आणि फोन ठेवल्याबरोबर खाली उतरली, बादलीत व्हिनेगर घातले आणि तळघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

यात लबाडी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेले बरे. लबाडी नेल्वाच्या अंगाला कधी शिवली नव्हती. पण एक म्हातारी बाई आपली खोली बघायला येणार आणि आपण तिला कोंदट हवेत उभी करणार, हे तिला पटण्यासारखेच नव्हते. लॉवेलचे यंत्र लॉवेलच्या जागी, पाहुणा पाहुण्याच्या जागी. तिने कोबा घासला, भिंती पुसल्या, यंत्रावरूनसुद्धा फडके फिरवले. खिडक्या मग दुसऱ्या दिवशीपर्यंत तशाच राहिल्या.

यसेनियाची आई, दोन्या एल्विरा, ग्वातेमालाच्या डोंगरातली. बुटकी, लांब वेणीची. तिने तळघरात उभे राहून दीर्घ श्वास घेतला आणि मुलीला काहीतरी सांगितले.

"आई म्हणते, इथं लाकडाचा वास येतो. तिच्या वडिलांच्या घरासारखा."

"माझ्या नवऱ्याचा," नेल्वा म्हणाली. "म्हणजे, त्याच्या कामाचा."

कोपऱ्यात मारिनसचे कामाचे टेबल अजून होते. टपालाची गाडी चालवून निवृत्त झाल्यावर तो गावाच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. आधी गॅरेजमध्ये करत असे. तिथला भुसा मोटारीवर उडतो म्हणून नेल्वानेच त्याला खाली धाडले होते. आणि भुसा वर येऊ नये म्हणून तळघराचे दार कायम बंद. "मारिनस, दार!" हे दोन शब्द त्या घरात जितक्या वेळा उच्चारले गेले असतील, तितक्या वेळा 'आमेन'सुद्धा नसेल. हिवाळाभर तो खाली असायचा. तोंडात चर्चमधली पांढरी पेपरमिंटची गोळी. लोक ती प्रवचनाच्या वेळी चघळतात, मारिनस दिवसभर चघळायचा.

त्याला फुप्फुसांचा कॅन्सर झाला तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला. सूप घेऊन आलेल्याने विचारला, डॉक्टरांनी विचारला, पास्टरांनी जरा आडून विचारला: सिगारेट ओढायचा का? कधीच नाही, असे नेल्वा सांगायची आणि समोरचा सहानुभूतीने मान हलवायचा. त्या मान हलवण्यात सगळे आले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव खाताना शेजारची ट्रेना म्हणालीच, "पेपरमिंट फार खायचा ना गं तो." वास लपवायला, हे तिने पावाबरोबर गिळले.

न विचारणारी एकच निघाली, ती यसेनिया. शेवटचे काही आठवडे मारिनस शुश्रूषागृहात होता, तिथे ती कामाला होती. तिने त्याची दाढी केली, त्याचे पाय चोळले, पण तो प्रश्न कधी विचारला नाही. म्हणून घर विकायचे ठरले तेव्हा नेल्वाने मनात नाव पक्के करून टाकले होते. चर्चमागच्या सदनिकांत तिच्यासाठी जागा निघाली होती, महिनाअखेर ती घेतली नाही तर दुसऱ्याला जाणार होती. तिथे जायचे आणि घर यसेनियाच्या हाती द्यायचे. ही काळ्या दगडावरची रेघ.

आणि तरीही. एकदा, तो जिवंत असताना, धुण्याला टाकलेला त्याचा कामाचा कोट नेल्वाने नाकाशी धरला होता. जवसाचे तेल, भुसा, पेपरमिंट. बाकी काही नाही. पण तिने तो नाकाशी धरला होता, हे तर खरे. साऱ्या जगाविषयी खात्री असलेल्या या बाईला एवढ्या एका गोष्टीची पुरती खात्री नव्हती आणि ते तिला आजवर सलत होते.

गुरुवारी लॉवेल आला. यंत्र त्याने स्वयंपाकघरात आणून फोनला जोडले. नेल्वाने कॉफी ओतली.

"साडेतीन," तो म्हणाला. "चारच्या आत. झालं तुमचं काम, मावशी." मग त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. "फक्त एक सही. खिडक्या-दारं पूर्ण वेळ बंद होती असं मालकानं सांगायचं असतं."

तो सही मागत होता खरा, पण डोळे फोनवरच होते. नेल्वाने मान वाकवून पाहिले. पडद्यावर एक रेघ होती. मंगळवारच्या रात्री ती उंच चढली होती आणि बुधवारच्या सकाळी धाडकन खाली आली होती.

"हे काय?"

"तासातासाचा आकडा. वाऱ्यानं होतं कधीकधी असं." तो कपात बघत म्हणाला. "तुम्ही सांगाल तेच मी लिहीन, मावशी. नेल्वा रूलोफ्सचा शब्द कोण खोटा धरणार?"

"वर किती गेला होता?"

"अकरा. थोडा जास्तच."

"त्यानं काय होतं? अकरानं?"

"एका रात्रीत काहीच नाही. पण माणूस वर्षानुवर्षं त्यात बसला, तर…" त्याने छातीवर हात ठेवला. "फुप्फुसं. सिगारेटच्या खालोखाल हेच. ज्यांनी कधी ओढली नाही, त्यांच्यात तर आधी हेच. हिवाळ्यात जास्त, घर बंद असतं ना. आणि तळघराचं दार लावलेलं असेल तर सगळं खालीच…"

तो थांबला. बोलता बोलता त्यालाही मारिनस आठवला असावा. त्याच्या घरातल्या चार खुर्च्या मारिनसनेच विणून दिलेल्या होत्या.

नेल्वा ओट्याकडे वळली. ओटा स्वच्छच होता, तरी तिने तो पुसला. मारिनस खोटे बोलला नव्हता. कुणाशीच नाही, तिच्याशीही नाही. हे कळल्याचा आनंद इतका मोठा होता की क्षणभर तिला बाकी काही सुचेना. मग बाकीचेही सुचले. त्याला खाली कुणी धाडले, आणि दार कुणी लावायला लावले.

"लॉवेल," ती पाठ न वळवता म्हणाली, "खिडक्या उघड्या होत्या. दोन्ही. मी उघडल्या."

"मावशी, पुन्हा तपासायचं म्हणजे आठवडा जाईल. आकडा वाढेल. ते दोघं बिथरले तर? तुमची ती सदनिका…"

"लाव पुन्हा तुझा डबा. या वेळी माशीसुद्धा आत-बाहेर जाणार नाही."

आणि खरोखरच गेली नाही. त्या दिवसांत नेल्वाने पांघरुणे खिडकीत टाकली नाहीत आणि शेजारची ट्रेना तब्येत विचारायला आली, तर तिच्याशी दाराच्या फटीतून बोलली. आकडा बाराच्या आसपास आला.

तो कागद तिने दलालाकडे दिला नाही. स्वतः यसेनियाकडे गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत पाच माणसे होती. दोन्या एल्विरा शेगडीपाशी मक्याच्या भाकरी थापत होती. नेल्वाने सगळे सांगितले: पहिला आकडा, उघड्या खिडक्या, दुसरा आकडा. मग एका दमात म्हणाली, "माझा नवरा यानं गेला. मला आता कळलं. तुझ्या आईला त्या खोलीत झोपवायचं असेल तर आधी माझ्याकडून ती नीट करून घे. पाइप, पंखा, जे लागतं ते. खर्च माझा. आणि घर नकोच वाटत असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही." आणि लगेच पुस्ती जोडली, "थोडी रागावेन. पण तुझ्यावर नाही."

यसेनियाने आईला समजावून सांगितले. म्हातारीने हात न थांबवता एक प्रश्न विचारला.

"आई विचारते, पंखा लावल्यावर लाकडाचा वास जाईल का?"

"नाही," नेल्वा म्हणाली. "तो कशानं जात नाही. मी घासून पाहिलाय."

"मग ती म्हणते, घ्या."

यसेनिया तिला सोडायला मोटारीपर्यंत आली. तिथे नेल्वाच्या तोंडून ते निघालेच. "मीच त्याला खाली पाठवलं गं. भुशासाठी. आणि दार लावायला लावलं."

यसेनियाने तिचे सांत्वन केले नाही. शुश्रूषागृहातल्या बायकांना ठाऊक असते, कुठे काही बोलून उपयोग नसतो. तिने नेल्वाचा हात धरला. "दोन्या, ते मला रोज त्या तळघराबद्दल सांगायचे. म्हणायचे, वर नेल्वाचं राज्य, खाली माझं. आणि दिवसातून दहादा वरून माझ्या नावाचा पुकारा व्हायचा, म्हणायचे. 'मारिनस, दार.' ते सांगताना हसायचे."

नेल्वा मोटारीत बसली आणि काच खाली करून, वारा तोंडावर घेत घरी आली. रडली, पण गाडी सरळ चालवली.

पुढच्या आठवड्यात लॉवेल आणि त्याचा भागीदार आले. मारिनसच्या टेबलाशेजारी त्यांनी कोब्याला भोक पाडले, तिथून पांढरा पाइप भिंतीलगत छपराच्या वर नेला आणि जमिनीखालची हवा ओढून बाहेर टाकायला त्याला पंखा जोडला. पंखा गुणगुणू लागला.

"हा रविवारीही चालतो?" नेल्वाने विचारले. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचे नाही, म्हणून तिच्या घरात रविवारी कपडे धुण्याचे यंत्र चालले नव्हते, शिवणयंत्र चालले नव्हते. मारिनसने तर रविवारी खिळादेखील ठोकला नव्हता.

"बंद करायचाच नाही, मावशी. कधीच."

"बरं," ती म्हणाली. "चालू दे."

किल्ल्या द्यायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. चर्च सुटल्यावर कॉफीच्या टेबलाशी बायका जमल्या होत्या. नेल्वाने कप खाली ठेवला आणि शाळेत दोनशे पोरांना ऐकू जायचा त्या आवाजात म्हणाली, "ट्रेना, मारिनसनं आयुष्यात सिगारेट ओढली नाही. घरानं मारलं त्याला, तळघरातल्या हवेनं. तुझं घर माझ्या घराला लागून आहे, माती तीच. आणि तुझा वेंडेल रात्रंदिवस तळघरात टीव्हीसमोर असतो. लॉवेलला फोन कर."

ट्रेनाचा चेहरा उतरला. "आज रविवार आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मग उद्या कर. आज त्याला वर बोलाव."

सोमवारी लॉवेलचा फोन दुपारपर्यंत वाजत राहिला म्हणतात.

नेल्वा घरी आली. खोकी बांधून झाली होती, पडदे काढले होते. मारिनसचे टेबल तेवढे जागच्या जागी होते. ते दोन्या एल्विराने ठेवून घेतले होते, कुंड्यांसाठी. घरात रविवारची शांतता होती आणि त्या शांततेत खालून पंख्याचा आवाज येत होता, मंद आणि एकसारखा.

ती तळघरात उतरली, त्याच्या स्टुलावर बसली. चर्चमध्ये वाटलेली पेपरमिंटची गोळी अजून पर्समध्ये होती, ती तिने तोंडात टाकली आणि विरघळेपर्यंत तिथे बसून राहिली.

मग ती वर आली. सवयीने हात दाराच्या मुठीकडे गेला. नेल्वाने तो मागे घेतला, दार भिंतीपर्यंत सताड ढकलले आणि पुन्हा मिटू नये म्हणून त्याला मारिनसची एक खुर्ची लावून ठेवली.