काठोकाठ पियाली

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही जेवायला बसला आहात आणि फळीवरची किटली कुणी हात न लावता उडते, भिंतीवर आपटते. काय कराल? पळाल ना? नारिन शहराच्या वाटेवरच्या आमच्या गावात सगळे पळालेच. एक साइकाल तेवढी पळाली नाही.

तिच्या घरात कधीपासून हेच चाललं होतं. भिंतीत टकटक व्हायची, चमचे उडायचे, चपला छपरावर सापडायच्या. आणि हे सगळं तिची लेक अरूके जिथे असेल तिथेच. म्हणून बाप ताश्तान म्हणाला, "पोरीला शुक्रवारी शहरात आत्याकडे धाडतो. ती गेली की हेही थांबेल." अरूके तेव्हापासून कोपऱ्यात बसून मुसमुसायची.

अशात वर्तमानपत्राचा बातमीदार आला. भिंतीला कान लावून ओरडला, "कोण आहेस तू? कुठून आलास?" त्याची टोपी उडाली, ती थेट कणकेच्या परातीत!

साइकालला हसू आवरेना. "अहो, चहा पाजण्याआधी पाहुण्याला नाव-गाव विचारतं का कुणी?" मग एकदम थांबून म्हणाली, "आणि आम्ही तरी कुठे पाजलाय?"

तिने दारासमोरच्या मानाच्या जागी गादी घातली, नान ठेवला. "या पाहुणे, बसा."

"घ्या! आता भुताला जावयाचा मान!" ताश्तान म्हणाला.

साइकालने पियाली, म्हणजे चहाची छोटी वाटी, रीतीप्रमाणे अर्धीच भरली. पुन्हा पुन्हा भरता यावी, पाहुण्याने बसून राहावं, म्हणून.

टकटक थांबली. मग रोज साइकाल असाच चहा ओतायची, मेंढ्यांची, बर्फाची खबर सांगायची. इतक्या धीराचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

गुरुवारी ताश्तानने अरूकेचं गाठोडं बांधलं. "गप्प आहे, पण गेलंय कुठे? मघाशीच पियाली थरथरली."

साइकालने किटली लेकीच्या हाती दिली. "पाहुणे तुझ्या मागे आलेत ना? मग निरोपही तूच दे."

काठोकाठ पियाली म्हणजे 'आता निघा', हे आमच्यात पोरांनाही कळतं. पण पाहुणा रागावला तर? तरी अरूकेने पियाली भरली, अगदी काठापर्यंत, एक थेंब न सांडता.

मग दार आपोआप, अगदी हळू उघडलं.

ताश्तान गाठोडं सोडू लागला. अरूकेने त्यातला वाटेसाठी बांधलेला नान काढून घेतला, धावत बाहेर गेली आणि फाटकाच्या खांबावर ठेवून आली.