सड्यावरचे चार दिवस

मालुबाईनं रवीला चिकटलेलं लोणी बोटानं निपटलं आणि तव्यावरून उतरलेल्या नाचणीच्या भाकरीवर ठेवलं. विरघळायच्या आत खा, असं नुसत्या हातानंच सुचवलं. घोंगड्यावर बसलेल्या मार्तंडमास्तरांनी घास घेतला आणि वहीत पेन्सिलीनं लिहिलं : लोणी म्हशीचं, किंचित आंबट, धुराचा वास.

"बाईसाहेबांना न्हाय आनलं ते?" मालुबाईनं विचारलं.

मास्तरांनी वही मिटली.

"गुडघे दुखतात तिचे. चढ झेपत नाही."

खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. टिळकवाडीत गेल्या वर्षीच्या श्रावणापासून त्यांना पाहिलं की लोक आवाज खाली आणत. शाळेत, वाचनालयात, वाण्याच्या दुकानातसुद्धा. सन छत्तीसची दिवाळीची सुटी लागली आणि शेजारच्या घरांतून चकल्यांचा वास येऊ लागला, तेव्हा त्यांनी पिशवी भरली. जांबोटीपर्यंत मोटार, कणकुंबीपर्यंत बैलगाडी, पुढं डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यापर्यंत दोन तास पायी चढण. गवळी धनगरांचं खाणं, त्यांचे सण, त्यांचं रान, यावर एका मासिकाला लेख द्यायचा, एवढं निमित्त त्यांना पुरलं होतं.

धनगरवाड्यावर पूर्वी अकरा घरं होती. आता तीन उरली होती. बाकीची घाटाखाली गोव्याच्या बाजूला उतरून गेली ती परत आली नाहीत. मालुबाईचा नवरा मष्णू साठीचा, कमी बोलणारा. म्हशी चारताना त्यानं मास्तरांना गवे पाण्यावर येतात ती जागा दाखवली, वेलाच्या मुळाशी खणून करांदे काढून दिले. दसऱ्याचा गजा कसा नाचतात, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की त्याला बारा गडी लागतात. मग जरा वेळानं उठला आणि कुडापुढच्या अंगणात एकटाच नाचला. डाव्या-उजव्या अंगाला माणसं आहेत असं धरून, त्यांची जागा सोडून. मास्तरांना ते वहीत उतरवून घेणं जमलं नाही.

मालुबाई मात्र चुलीपाशी बसली की बाईंची चौकशी करी. त्या काय खातात, त्यांना वाचता येतं का, पोरंबाळं का झाली नाहीत. मास्तर सांगत गेले. आमटीत गूळ जास्त घालते. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घेते. अबोलीचा गजरा आवडतो, पण केसांत ठेवत नाही, उशाशी ठेवते. पहिल्या दिवशी विचारल्याशिवाय ते बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी मालुबाई करांदे सोलत होती आणि ते आपणहून सांगत होते. कुणी आवाज खाली आणत नव्हतं. वहीची पुढची पानं कोरीच राहिली.

चौथ्या सकाळी मष्णू म्हशींमागं गेला होता, म्हणून मालुबाईच त्यांना सड्याच्या कडेपर्यंत पोचवायला आली. दरीत धुकं भरलेलं होतं. उताराची वाट दाखवून ती म्हणाली,

"मास्तर, बाई गेल्या न्हवं?"

मास्तर वळले नाहीत.

"कवा?"

"गेल्या वर्षी. श्रावणात." मग त्यांनी विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?"

"चार दिस लई बोललासा. काय खात्यात, काय वाचत्यात. पर तुमी घरला गेल्यावर त्या काय म्हनतील, ते एकदाबी न्हाय बोललासा."

त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं हात हलवून त्यांना थांबवलं. पदर डोक्यावर सारखा केला.

"आमच्या धन्याला मी सांगत न्हाय. त्येंच्या लेखी बाई घरी हायत. तसं समजनारं एक तरी मानूस असू दे कुठंतरी."

मास्तरांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. निघावं की थांबावं ते त्यांना समजेना.

"नाव काय वो त्येंचं?" तिनं विचारलं. "चार दिस नुसतं 'ती' म्हनत हुतासा."

"प्रमोदिनी."

"परमोदिनी," ती म्हणाली. बरोबर आलं नाही असं तिलाच वाटलं असावं, कारण तिनं ते पुन्हा, सावकाश म्हटलं. दुसऱ्यांदाही ते तसंच आलं. मास्तरांनी दुरुस्त केलं नाही.

ते उताराला लागले. वाट दवानं निसरडी झाली होती, झाडोरा धरून उतरावं लागत होतं. पहिल्या वळणाशी ते दम खायला थांबले. लग्नात घास देताना चारचौघांत ते नाव घेतलं होतं. त्यानंतर मोठ्यानं घेतलं ते आजच. वर सडा धुक्यात गेला होता, मालुबाई दिसत नव्हती. खाली वाटेवरही कुणी नव्हतं. मास्तरांनी एकदा मागं पाहिलं, एकदा पुढं पाहिलं, आणि ते नाव पुन्हा घेतलं.